आठवण सापडली, पण शिळी: एका एआय सहायकाच्या मेमरी-शोधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कामाच्या ठिकाणी वापरायचा एआय सहायक बनवणाऱ्या एका छोट्या टीमचे आहे. या कामात मी मूल्यमापनाच्या बाजूने सहभागी होतो. ओळख पटू नये म्हणून उदाहरणे बदलली आहेत आणि टीमचे अंतर्गत आकडे गाळले आहेत. निर्णय कसे झाले, तो क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

भाषा मॉडेलला मागचे संभाषण आपोआप आठवत नाही. त्याच्यापुढे जेवढा मजकूर ठेवाल तेवढेच त्याला ठाऊक. म्हणून टीमने मेमरीची वेगळी व्यवस्था केली होती. संभाषण संपले की दुसरे एक मॉडेल ते वाचून त्यातून छोट्या नोंदी काढत असे: ‘अहवाल पीडीएफ स्वरूपात हवा’, ‘चाचणीचा सर्व्हर प्रकल्प ४७१ साठी राखीव’. प्रत्येक नोंदीचे एम्बेडिंग, म्हणजे अर्थाचे आकड्यांत मांडलेले रूप, साठवले जाई. नवा प्रश्न आला की त्याचेही एम्बेडिंग काढायचे, कोसाइन साम्यानुसार (दोन एम्बेडिंग किती जवळची आहेत याचे माप) सर्वांत जवळच्या ५ नोंदी उचलायच्या आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलपुढे ठेवायच्या मजकुरात, घालायच्या, एवढीच ती रचना. अशी असंख्य साधने सुरुवातीला याच वाटेने जातात आणि सुरुवात म्हणून त्यात काही गैर नाही.

अडचण

तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडून येत, पण सूर एकच: ‘मी सांगितलेलं हा विसरतो.’ यावर टीममध्ये दोन उपाय तयारच होते. एकाचे म्हणणे होते, ५ ऐवजी २० नोंदी द्या. दुसऱ्याला मोठे, नवे एम्बेडिंग मॉडेल हवे होते. दोन्ही गोष्टी एका दुपारात करता येण्याजोग्या, म्हणून मोह मोठा. पण त्याने सुधारणा झाली की बिघाड, हे सांगणारे कोणतेच साधन टीमकडे नव्हते. चार-पाच आवडीचे प्रश्न विचारून ‘आता बरं वाटतंय’ असे म्हणण्यापलीकडे तपासणी जात नव्हती.

पहिला खरा निर्णय झाला तो इथे. आठवडाभर एकही आकडा बदलायचा नाही, आधी तक्रारी उलगडायच्या, असे ठरले. टीमप्रमुखांना हे सहज पटले नाही. ग्राहक थांबले आहेत आणि आपण वाचत बसायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. तरीही त्यांनी वेळ दिला. या प्रकरणातली सर्वांत किमती गोष्ट मला तीच वाटते.

‘विसरतो’ म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी प्रत्येक तक्रारीमागचे संभाषण काढून चार शक्यता तपासल्या. नोंद लिहिलीच गेली नव्हती. लिहिली होती, पण शोधात आली नाही. शोधात आली, पण मॉडेलने ती वापरली नाही. किंवा शोधात आली, वापरलीही गेली, पण ती शिळी होती, म्हणजे वापरणाऱ्याने नंतर वेगळे काही सांगितलेले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेतला फरक ओळखण्यासाठी एक साधी चाचणी केली. योग्य नोंद हाताने प्रॉम्प्टमध्ये घालायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आता उत्तर बरोबर आले तर दोष शोधाचा. तरीही चुकले तर शोध कितीही सुधारा, उपयोग शून्य.

सगळ्यांचा अंदाज होता की ‘सापडली नाही’ हाच गट मोठा निघेल. निघाला चौथा. लोक ‘विसरतो’ म्हणत होते आणि सहायकाला तर आठवत होते, फक्त जुने. एका वापरणाऱ्याने सांगितले होते, ‘अहवाल पीडीएफ स्वरूपात हवा.’ पुढे कधीतरी तो म्हणाला, ‘आता पीडीएफ नको, स्प्रेडशीटच पाठव.’ ‘अहवाल कोणत्या स्वरूपात द्यायचा?’ या प्रश्नाशी शब्दरचनेने जास्त जुळते ती पहिली नोंद. कोसाइन साम्याला काळ कळत नाही. कोणते वाक्य कोणत्या वाक्याने रद्द झाले, हेही त्याला कळत नाही. जुनी नोंद वर येई, नवी तिच्याखाली किंवा पाचांच्या बाहेर, आणि सहायक पूर्ण आत्मविश्वासाने पीडीएफ पाठवी. माणसाने स्वतः दुरुस्त करून सांगितलेली गोष्ट पुन्हा चुकीची समोर आली की त्याचा विश्वास उडतो. न आठवण्यापेक्षा हे वाईट.

मोजमाप कसे उभे केले

शोध मोजण्याची रीत जुनी आहे. १९६० च्या दशकात सिरिल क्लेव्हरडन यांच्या क्रॅनफिल्ड प्रयोगांनी ठरावीक मजकूर, ठरावीक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला कोणता मजकूर लागू पडतो याचे माणसाने दिलेले निवाडे ही चौकट घालून दिली. शोधतंत्रे तपासण्यासाठी १९९२ पासून भरणाऱ्या ट्रेक परिषदांनी ती मोठ्या प्रमाणावर नेली. टीमने तीच चौकट घेतली, पण मेमरीसाठी तिच्यात तीन बदल करावे लागले. ते तिन्ही मी सविस्तर सांगतो, कारण अशा कामात चूक होते ती बहुधा इथेच.

पहिला बदल निवाड्यांचा. ‘लागू’ आणि ‘गैरलागू’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रश्नासाठी कोणती नोंद यायलाच हवी, कोणती आली तर चालेल आणि कोणती येताच कामा नये, अशी तिहेरी खूण केली. ‘रिकॉल ॲट ५’, म्हणजे पहिल्या ५ निकालांत योग्य नोंदींचा किती वाटा आला, हे नेहमीचे माप पीडीएफच्या उदाहरणात दोन्ही नोंदी आल्या तरी पूर्ण गुण देते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्न फसलेला असतो आणि तक्ता हिरवा दिसतो. म्हणून शिळी नोंद येण्याचे प्रमाण हे वेगळे माप ठेवले आणि रिकॉल त्याच्याशेजारी दाखवल्याशिवाय कुठेही लिहायचा नाही, असा नियम केला.

दुसरा बदल काळाचा. प्रश्न ज्या क्षणी विचारला गेला, त्या क्षणी मेमरीत जे होते तेवढ्यावरच तो चालवायचा. आजच्या पूर्ण साठ्यावर जुना प्रश्न चालवला तर नंतर लिहिलेल्या नोंदीही निकालात येतात, आणि मोजमापाला काहीच अर्थ उरत नाही. कधी भविष्यातली माहिती फुकट मिळते, कधी तेव्हा बरोबर असलेली नोंद आज शिळी म्हणून गणली जाते. प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का असल्याने हे जमले.

तिसरा बदल वरवर किरकोळ वाटेल. योग्य उत्तराची खूण नोंदीच्या क्रमांकाशी बांधायची की मूळ संभाषणातल्या वाक्याशी? टीमने वाक्याशी बांधली. नोंदी काढणारे मॉडेल किंवा त्याचा प्रॉम्प्ट बदलला की सगळ्या नोंदी नव्याने तयार होतात, त्यांचे क्रमांक बदलतात आणि क्रमांकाशी बांधलेले निवाडे एका रात्रीत निरुपयोगी ठरतात. मूळ वाक्य बदलत नाही.

प्रश्नांचे प्रकार ठरवताना २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लाँगमेमइव्हॅल या चाचणीसंचाचा आधार घेतला. त्यात ५०० प्रश्न आहेत आणि ते पाच क्षमता तपासतात: माहिती काढणे, अनेक संभाषणांतून जोडणी करणे, काळाचा विचार, बदललेली माहिती आणि ठाऊक नसताना गप्प राहणे. प्रश्न मात्र तिथून घेतले नाहीत. ते परवानगी देणाऱ्या वापरणाऱ्यांच्या खऱ्या संभाषणांतून आले, कारण सार्वजनिक संचावर चांगले गुण मिळाले म्हणून आपल्या लोकांच्या तक्रारी कमी होतील याची काहीच हमी नसते. दोघांनी एकमेकांचे न बघता निवाडे दिले आणि सहमती कोहेनच्या कॅपाने मोजली. हे माप १९६० पासूनचे असून निव्वळ योगायोगाने जुळणारी मते ते वजा करते. मतभेद जवळजवळ सगळे ‘आली तर चालेल’ या मधल्या खुणेवर होते. ‘येताच कामा नये’ यावर दोघे सहज जुळले, आणि त्यामुळे शिळ्या नोंदींच्या मापावर भरवसा ठेवता आला.

संच दोन भागांत विभागला. एकावर जुळवाजुळव करायची, दुसरा शेवटच्या तपासणीपर्यंत बंद.

कोणते पर्याय तोलले

२० नोंदी देण्याचा पर्याय सर्वांत आधी चालवून पाहिला. रिकॉल अपेक्षेप्रमाणे वाढला. शिळ्या नोंदीही तितक्याच जोमाने वाढल्या. शिवाय लांब मजकुराच्या मध्यभागी असलेली माहिती मॉडेल सुरुवातीच्या आणि शेवटच्या माहितीइतकी नीट वापरत नाही, हे २०२३ च्या संशोधनातून पुढे आले होते. टीमच्या उत्तरांतही ते दिसले. पर्याय बाद झाला.

नंतर आली काळानुसार वजन घटवण्याची कल्पना. २०२३ मध्ये आभासी गावातल्या पात्रांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात नोंदींची निवड ताजेपणा, महत्त्व आणि समर्पकता या तिन्हींच्या बेरजेने केली होती. तेव्हापासून हे सूत्र सगळीकडे उचलले जाते. टीमने तासाला ०.९९५ असा गुणक धरला. दिसायला तो सौम्य आहे. हिशेब केला तर एका दिवसाने वजन सुमारे ०.८९ उरते, एका आठवड्याने ०.४३ आणि ३० दिवसांनी ०.०३ च्याही खाली. एकदाच सांगितलेल्या पण कायमच्या गोष्टी, जसे की ‘मी स्क्रीन रीडर वापरतो, तक्ते चित्र म्हणून पाठवू नकोस’, महिन्याभरात बुडून जातात. इथे मी ठाम विरोध केला आणि आजही करीन. जुने म्हणजे चुकीचे नव्हे. नोंद शिळी होते ती वयाने नाही, तिला रद्द करणारी दुसरी नोंद आल्याने.

शब्दशोध जोडण्याचा पर्याय वेगळ्या कारणासाठी हवा होता. एम्बेडिंगला ४७१ आणि ४१७ जवळजवळ सारखेच वाटतात. क्रमांक, फाइलनावे, संक्षेप यांसाठी १९९० च्या दशकातले बीएम२५ हे शब्दांवर चालणारे सूत्र आजही सरस ठरते. मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत एक अडचण आली. ‘सर्व्हर’, ‘सर्व्हरवर’ आणि ‘सर्व्हरच्या’ हे शब्दशोधाला तीन निराळे शब्द दिसतात. प्रत्यय छाटल्याशिवाय त्याचा फायदा अर्धाच मिळतो.

एम्बेडिंगच्या शोधाची आणि शब्दशोधाची अशा दोन याद्या एकत्र करायला २००९ मधले व्यस्त-क्रम मिश्रण (रेसिप्रोकल रँक फ्यूजन) वापरायचे ठरले. त्यात नोंदीच्या प्रत्येक यादीतल्या स्थानात ६० मिळवून त्याचा व्यस्तांक घ्यायचा आणि बेरीज करायची. सोपे, दणकट. पण त्याच्या पोटात एक गोष्ट लपलेली आहे. शब्दशोधात पहिली आलेली, दुसऱ्या यादीत नसलेली नोंद मिळवते १/६१, म्हणजे ०.०१६४. दोन्ही याद्यांत चाळिसावी आलेली नोंद मिळवते २/१००, म्हणजे ०.०२. म्हणजे प्रकल्प क्रमांक तंतोतंत जुळलेली एकमेव नोंद दोन्हीकडे रेंगाळणाऱ्या सर्वसाधारण नोंदींच्या मागे जाते. याद्या ५० पर्यंत लांब ठेवल्या तर दोन्हीकडे असलेली कोणतीही नोंद तिला मागे टाकते. क्रमांकांच्या प्रश्नांवर मिश्रणानंतरही गुण का वाढेनात, याचे उत्तर हे होते. प्रकारानुसार वेगळे गुण काढले नसते तर सरासरीत ते कधीच दिसले नसते.

प्रत्यक्ष काय केले

सुरुवात नोंद लिहिण्याच्या टप्प्यापासून केली, शोधापासून नाही. नवी नोंद तयार झाली की त्याच व्यक्तीच्या आणि त्याच प्रकल्पाच्या जवळच्या नोंदी काढायच्या आणि मॉडेलला विचारायचे: ही नवी नोंद भर घालते, जुनीची जागा घेते, की तिचा जुनीशी संबंधच नाही? जागा घेत असेल तर जुनी नोंद पुसायची नाही, तिच्यावर ‘या तारखेपर्यंत लागू’ असे लिहायचे. त्यामुळे ‘आधी काय ठरलं होतं?’ या प्रश्नाचे उत्तरही शाबूत राहते.

यातला अवघड निर्णय तात्पुरत्या सूचनांचा होता. ‘या वेळी पीडीएफच पाठव’ हे वाक्य कायमच्या पसंतीला रद्द करते का? करत नाही, पण मॉडेल अनेकदा तसे समजे. टीमने विचारपूर्वक ठरवले की चुकून रद्द करणे हे रद्द करायचे राहून जाण्यापेक्षा जास्त घातक आहे, कारण पहिले कुणाला दिसत नाही. शंका असेल तिथे दोन्ही नोंदी तारखांसह प्रॉम्प्टमध्ये जातात आणि सहायक विचारतो, ‘मागे स्प्रेडशीट ठरली होती, या वेळी पीडीएफ मागवली होती, आता कोणती?’ हा प्रश्न विचारला गेल्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

दुसरा दोष अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. सगळ्यांच्या नोंदी एकाच निर्देशिकेत (इंडेक्समध्ये) होत्या आणि शोध एचएनएसडब्ल्यू या जाळीवजा रचनेवर अंदाजे, म्हणजे वेगासाठी प्रत्येक नोंद न तपासता, चाले. आधी सगळ्यांतून जवळच्या नोंदी निघत आणि मग दुसऱ्या लोकांच्या गाळल्या जात. ज्यांच्या नोंदी कमी, त्यांच्या वाट्याला गाळणीनंतर कधी एकच उरे, कधी एकही नाही. म्हणजे नव्या माणसाला, ज्याचा पहिला अनुभव सर्वांत महत्त्वाचा, त्यालाच सहायक विसराळू वाटे. उपाय सरळ निघाला. आधी त्या व्यक्तीच्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि त्यांत अचूक शोध करायचा. ५,००० नोंदी आणि ७६८ आकड्यांचे एम्बेडिंग धरले तरी हे ३८.४ लाख गुणाकार होतात. आजच्या कोणत्याही संगणकाला हे काम किरकोळ आहे. अंदाजे शोधाची गरजच नव्हती. एका माणसाची नोंद दुसऱ्याच्या प्रॉम्प्टमध्ये जाण्याचा धोकाही यामुळे खूप कमी झाला. त्या धोक्याबद्दल खरे तर पहिल्या दिवसापासून बोलायला हवे.

क्रमांक किंवा नाव तंतोतंत जुळलेल्या नोंदीला मिश्रणाच्या बाहेर एक जागा राखून दिली. मग वरच्या नोंदी रीरँकरकडे गेल्या. रीरँकर म्हणजे प्रश्न आणि नोंद एकत्र वाचून गुण देणारे मॉडेल. ते संथ असते, पण थोड्याच नोंदी वाचायच्या असल्याने परवडते. काहीच समर्पक नसेल तर गप्प राहण्याची मर्यादाही त्याच्याच गुणांवर ठेवली. कोसाइनच्या आकड्यावर ठेवून पाहिली होती, पण एका प्रश्नाला ज्या आकड्यावर उत्तम नोंद येई, त्याच आकड्यावर दुसऱ्या प्रश्नाला निव्वळ गाळ येई.

एक गट यापैकी कशानेच सुधारला नाही. ‘उद्याच्या बैठकीचा कार्यक्रम लिही’ या विनंतीत ‘मला मुद्दे थोडक्यात हवेत’ या नोंदीशी जुळणारा एकही शब्द नाही, अर्थाचे साम्यही नाही. अशी नोंद शोधून कधी सापडणार नाही. टीमने कायमच्या पसंतींची एक छोटी यादी शोधातून बाहेर काढली आणि ती प्रत्येक संभाषणात कायम ठेवली. ती वापरणाऱ्याला दिसते, त्याला ती बदलता येते. काहींना हा पळवाटेचा मार्ग वाटला. मला तो योग्य वाटतो, कारण जे नेहमीच लागते ते दर वेळी शोधायचे कशाला?

परिणाम

बंद ठेवलेल्या भागावर शेवटची तपासणी झाली तेव्हा शिळ्या नोंदींचे प्रमाण स्पष्टपणे घटले होते आणि रिकॉल टिकून होता. क्रमांकांच्या प्रश्नांत सुधारणा ठळक होती. अनेक संभाषणे जोडण्याच्या प्रश्नांत फारशी नाही. त्यांना एका शोधात भागत नाही, आणि ते काम पुढे ढकलले.

उत्तरांचे मूल्यमापन दुसऱ्या मॉडेलकडून करून घेतले होते. हाताने तपासलेल्या नमुन्यात दिसले की ते लांब उत्तरांना झुकते माप देते. परीक्षकाच्या सूचनेत नेमकी अपेक्षित माहिती लिहून दिल्यावर ते बरेच आटोक्यात आले.

एक नवी तक्रारही उभी राहिली. सहायक आता कधीकधी उगाच गप्प राहतो, ठाऊक असलेलेही ‘माझ्याकडे नोंद नाही’ म्हणतो. मर्यादा जुळवण्याच्या संचात ‘उत्तर नाही’ प्रकारचे प्रश्न प्रत्यक्ष वापराच्या मानाने जास्त होते, म्हणून ती कडक बसली होती. खऱ्या वापरातले प्रमाण धरून ती पुन्हा बसवावी लागली.

वेगळे काय करता येईल

प्रत्येक उत्तरामागे कोणत्या नोंदी आल्या, कोणत्या गुणांनी आल्या आणि प्रॉम्प्टमध्ये कुठे बसल्या, याचा लॉग साधनाच्या पहिल्या आवृत्तीपासून ठेवता येईल. तो नसल्याने जुन्या तक्रारींचा माग काढण्यात बराच वेळ गेला. नोंद लिहिण्याचा टप्पाही शोधाइतकाच कसून मोजायला हवा. इथे ‘लिहिलीच गेली नाही’ हा गट लहान निघाला म्हणून बाजूला राहिला, पण नोंदी काढणारा प्रॉम्प्ट बदलला की तो कधीही मोठा होऊ शकतो.

पुसण्याचे काम अजून अपुरे आहे. वापरणारा ‘हे विसर’ म्हणतो तेव्हा ती नोंद जाते, पण तिच्यावरून तयार झालेला सारांश मागे राहू शकतो. टीम सध्या प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या नोंदींवरून आली याची साखळी साठवते आहे, म्हणजे मूळ पुसले की त्याच्यापासून निघालेलेही पुसता येईल. चाचणीसंचात त्यासाठी नवा प्रकार घातला आहे: आधी सांगितले, मग विसरायला सांगितले, मग आडवळणाने तेच विचारले. त्या प्रकारात सहायक अजून नापास होतो आहे आणि तो पास होईपर्यंत पुढची आवृत्ती बाहेर पडणार नाही, असे टीमप्रमुखांनी लेखी कळवले आहे.